दाढ पत्र्यावर टाकली

मंडळी, आज अक्कलदाढ काढली. डॉक्टर म्हणाल्या, "तासभर कापूस घट्ट धरा, बोलायचं नाही."

न्यायला बाबा आले होते. माझ्या लग्नावरून वाद झाल्यापासून आमचं बोलणं जवळपास बंदच. भुलीनं माझा अर्धा चेहरा नाहीसा झालेला, रिक्षातून मंडईचा कळस ढगासारखा तरंगताना दिसत होता, आणि बाबा चक्क बोलत होते. "समोरून उलट उत्तर येणार नसेल, तर माणसाला बोलता येतं," म्हणाले.

घराखाली उतरल्यावर त्यांनी डॉक्टरांनी डबीत घालून दिलेली दाढ मागून घेतली. लहानपणी माझे दुधाचे दात कौलांवर टाकायचे, तशीच ती पार्किंगच्या पत्र्यावर भिरकावली. टण्ण वाजलं.

"आता नवीन येईल," म्हणाले.

तास केव्हाच संपला होता. बाबा अजून बोलत होते. मी कापूस काढलाच नाही.

तुम्ही काढला असता?