संगणकाच्या काचेवरची आखणी

आता ऐकायचंच म्हणता तर सांगतो. पण आधी तो चहाचा कप खाली ठेवा, मागच्या वेळी एकाच्या नाकातून आला होता. माझ्या हातून जन्मात ज्या चुका झाल्या, त्यातली ही सगळ्यांत सुबक चूक. सुबक अशासाठी, की ती करायला मला साडेतीन तास लागले!

तेव्हा मी कासूजवळच्या एका शाळेत शिपाई होतो. शिकायला म्हणून कधी शाळेत गेलो नाही. गेलो तो थेट घंटा वाजवायला. त्याआधीचं सगळं आयुष्य पेणला गणपतीच्या कारखान्यात गेलं. माझं काम आखणीचं. म्हणजे मूर्तीचे डोळे, भुवया, सोंडेवरची नक्षी. भुवई एका दमात ओढायची. मध्येच श्वास घेतला, की रेघ हलते आणि देव रागावल्यासारखा दिसतो.

पुढे पाठीने दगा दिला, कारखाना सुटला. ब्रश काही सुटले नाहीत. शाळेतल्या बाकांवरचे नंबर, दारांवरच्या पाट्या, फळ्यांचा काळा रंग, सगळं माझ्याच हातचं. वाचता येत नव्हतं. पण समोर अक्षर धरा, हुबेहूब उतरवून द्यायचो.

तर त्या वर्षी एका कंपनीने शाळेला संगणक दिला. दिला म्हणजे काय, महिनाभर वापरून बघायला दिला. मग कंपनीचे साहेब येणार, पोरांना वर्गात कसा शिकवता ते बघणार. पसंत पडलं तर मशीन इथेच. नाहीतर उचलून रोह्याच्या शाळेत, तिथलाही अर्ज होता. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्या एका मशीनसाठी कंपनीच्या गेटवर किती वेळा ताटकळल्या ते मला माहीत आहे. बरोबर मीच असायचो.

साहेब यायचे त्या शनिवारी सकाळची शाळा सुटली. बाईंनी संगणक चालू करून निळ्या पडद्यावर मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'सुस्वागतम्' आणलं. मला म्हणाल्या, "धर्माकाका, मी पेणला जाऊन हार-पेढे घेते आणि साहेबांच्याच गाडीतून येते. हा आता आपला नवा फळा. बंद करू नका, अक्षरं अशीच राहू देत. नीट लक्ष ठेवा हं."

लक्ष ठेवा म्हणाल्या. मी ठेवलं. तिथेच घात झाला!

स्टूल घेतलं आणि पडद्यापासून वीतभर अंतरावर बसलो. मूर्तीसमोर बसायची तीच सवय. बघतो तर काय? अक्षरांना पायऱ्या! लांबून गोल दिसणारी वळणं जवळून अशी, की कुणी डोंगरात दगडी पायऱ्या खोदल्यात. पहिल्या अक्षराखालचं शेपूट तर करवतीचं पातं झालेलं.

मला वाटलं, कंपनीच्या पेंटरने घाई केली. शेवटचा हात फिरवलाच नाही. आणि हे असलं काम साहेब बघणार? आमच्या कारखान्यात असली भुवई निघाली असती, तर मालकाने ब्रश हातातून काढून घेतला असता.

तुम्ही म्हणाल, अरे बाबा, टीव्ही कधी बघितला नव्हतास? बघितला होता की. टीव्हीतली माणसं हलतात हेही माहीत होतं. पण हा टीव्ही कुठे होता? हा फळा! बाईच म्हणाल्या. आणि फळा रंगवणं तर माझंच काम.

घरी जाऊन ब्रश आणि ऑइल पेंटचे डबे घेऊन आलो. पिवळ्यात थेंबभर पांढरा मिसळला, पडद्यावरच्या पिवळ्याशी रंग तंतोतंत जुळवला. आणि एकेक पायरी बुजवत, अख्खं अक्षर भरत गेलो. काच गरम, रंग हां हां म्हणता वाळत होता. साडेतीन तास मान वर केली नाही. शेवटच्या अक्षराला आलो तेव्हा बाहेर गाडी वाजली.

साहेबांसाठी परत बोलावलेल्या पोरांनी वर्ग भरला. सरपंच आले. साहेब आत आले आणि पडद्यासमोर थबकले.

"वा! बाई, अक्षर काय रेखीव आहे हो! रेझोल्यूशन केवढं ठेवलंय?"

"जेवढं तुमच्या माणसाने लावून दिलं तेवढंच," बाई म्हणाल्या.

"छे, त्याच्यात एवढी गोलाई येतच नाही."

मी मागे उभा. छाती अशी फुगली, की सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी.

साहेबांनी बटण दाबलं. पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा आला. आणि नकाशावर, नागपूरपासून मुंबईपर्यंत, 'सुस्वागतम्'.

साहेबांनी पुन्हा दाबलं. माणसाचं हृदय आलं. हृदयावर 'सुस्वागतम्'. पाढे आले. पाढ्यांवरही तेच. पोरं खुसखुसायला लागली.

"अडकलंय काहीतरी," साहेब म्हणाले, आणि त्यांनी मशीनच बंद केलं. पडदा काळा झाला. काळ्यावर पिवळं 'सुस्वागतम्' आणखीच उठून दिसलं!

साहेबांच्या कपाळावर घाम. त्यांनी भिंतीतला प्लग उपटून हातात धरला. प्लगकडे बघतात, पडद्याकडे बघतात. सरपंचांनी गुपचूप चपला काढल्या आणि हात जोडले.

"साहेब, विजेशिवाय चालतंय व्हय हे?"

आता मला राहवेना. पुढे झालो आणि सांगितलं, "घाबरू नका साहेब. तुमच्या पेंटरने अक्षरांना पायऱ्या ठेवल्या होत्या, त्या मी बुजवल्या. पक्का रंग हाय. पावसात ठेवलंत तरी जायचा नाय!"



"धर्माकाका," बाई एवढंच म्हणाल्या. हातातला पेढ्यांचा पुडा त्यांनी टेबलावर ठेवला, उघडायचा नाही अशा बेताने.

साहेबांनी नखाने काच खरवडली. नखाला पिवळं लागलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी माझा दंड धरला आणि मला शेवटच्या बाकापाशी नेलं. बाईंना प्लग लावून मशीन पुन्हा चालू करायला सांगितलं, पाढे आणायला लावले.

"बाबा, इथून त्या आकड्यांना पायऱ्या दिसतात?"

"नाय."

"हे चित्र टिंबांचं असतं. आडवी सहाशे चाळीस, उभी चारशे ऐंशी. टिंबं मोठी, म्हणून जवळून पायऱ्या दिसणारच. पण पोरं इथून बघतात, वीतभरावरून नव्हे."

"टिंबं बारीक करता येत नायत?"

"येतात. पण मग अक्षरंही बारीक होतात, आणि या बाकावरच्यांना काहीच दिसत नाही." मग ते बाईंकडे वळले. "एक करा. रंग पुसून घ्या. काच बिघडली नसेल तर मशीन राहील. डाग राहिला तर मात्र मला परत न्यावं लागेल."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. तसं बघणं नको वाटतं हो. रागावल्या असत्या तर बरं होतं.

टर्पेंटाइन आणलं, फडकं घेतलं. साडेतीन तासांचं काम दहा मिनिटांत उतरवलं. एकेक अक्षर गेलं. काच लख्ख. पण मधोमध एक बारीक पांढरा बाण राहिला. मी फडक्याचं दुसरं टोक घेतलं. घासला. जाईना. थुंकी लावली, पंच्याने घासला. जाईना! पांढरा मीच मिसळला होता, कुठेतरी थेंब उडाला असणार. 

"साहेब, माफ करा. एवढा एक डाग काचेत मुरला. पोरांचं मशीन माझ्यापायी गेलं."

बाई पुढे आल्या आणि टेबलावरचा तो उंदीर का काय म्हणतात तो त्यांनी जरासा सरकवला. डाग सुर्रकन वरच्या कोपऱ्यात पळाला.

आणि मी? मी फडकं घेऊन त्याच्या मागे!

डावीकडे गेला, मी डावीकडे. खाली आला, मी खाली. चौथ्या फेरीला कुठे साहेबांनी माझा हात धरला. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी.

"बाबा, मशीन इथेच ठेवतो. पण तेवढा बाण सोडा, तो आमच्या पेंटरचा आहे!"