दोरीनं बांधलेलं पुस्तक

माझ्या आत्याचं नाव दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी कापलं जायचं आणि ती गूळ-खोबरं चघळत घरी यायची. मारेगावच्या एका जिनात ती रेच्यावर कामाला होती. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना, आणि रेचा म्हणजे ते काम करणारं यंत्र. दसरा-दिवाळीच्या सुमारास वजनकाट्याची पूजा व्हायची, कापसाच्या गाड्या फाटकाशी लागायच्या आणि मुनीमजी रजिस्टर उघडून बायांची नावं लिहून घ्यायचे. चैत्रात रुईची शेवटची गठाण, म्हणजे गासडी, बांधली की तेच मुनीमजी तेच रजिस्टर घेऊन फिरायचे, एकेका नावावर रेघ ओढायचे आणि हातावर गूळ-खोबरं ठेवायचे. याला म्हणायचं नाव कापणं. त्यात कुणाला अपमान वाटायचा नाही. जेवण झालं का विचारावं तसं बाया एकमेकींना विचारायच्या, नाव कापलं का वं तुहं?

पण त्या रेघेमुळे सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. नाव कापलं म्हणजे ते वर्ष गेलं. पुढच्या दिवाळीला नवं नाव, नवी नोकरी, मागचं काही धरायचं नाही. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि असं नसतं हेही कुणी सांगितलं नव्हतं.

आत्या बाबांची मोठी बहीण. नवऱ्यानं टाकलेली, असं कुणी म्हटलं की ती लगेच सुधारायची, त्यानं नाही टाकलं, म्या टाकलं त्याले. जिनाच्या मागच्या गल्लीत तिची भाड्याची एक खोली होती. हंगामात रेचा, हंगाम नसला की निंदण-खुरपण, अशी तिनं ती खोली वर्षानुवर्षं टिकवली होती. आमच्या घरी रोज यायची, पण झोपायला जायची आपल्या खोलीत. आईनं कितीदा म्हटलं, रहा की इथंच. ती हसायची आणि चपला घालायची.

मग कापसाचे दिवस फिरले. बोंडात अळी, भावात घसरण, रोज नव्या गावची वाईट बातमी. फाटकाशी गाड्यांची रांग लागायची तिथं कुत्री झोपायला लागली. जिल्ह्यातल्या बऱ्याच जिनांना कुलपं लागली आणि आमच्याही मालकानं यंत्रं विकायचं ठरवलं. मुनीमजींनी बायांना बोलावून सांगितलं, सोमवारी या, अंगठे-सह्या करा, तुमचा जो काय फंड असेल तो एकदाच काढून देतो. पेन्शनीसाठी दहा वर्षं नोकरी लागते, तुमची अर्धी-अर्धी वर्षं, ती काही भरत नाहीत. तेव्हा पेन्शनीचा भाग पण त्यातच उचलून घ्या.

पेन्शन! आत्यानं हा शब्द स्वतःच्या बाबतीत पहिल्यांदाच ऐकला. पगारातून फंड कापतात एवढं तिला ठाऊक होतं. त्यात पेन्शनही असते, हे तिला नोकरी सुटताना कळलं.

बाबा शाळेत शिपाई होते. मनानं सोनं, पण बोलणं सगळं हुकमाचं. ते म्हणाले, घेऊन टाक पैसे, मागच्या अंगणात टिनाची खोली काढू, ये राहायला. विषय संपला. दुसऱ्या दिवशी अंबाडीची भाजी निवडता निवडता आत्या मला म्हणाली, "तुह्या बापाचं मन मोठं हाय वं. पण मोठ्या मनाच्या घरातही चुलीवर तवा एकच असते. मले माही खोली पाह्यजे."

एवढीच तिची मागणी होती. महिन्याच्या महिन्याला काहीतरी हातात आलं तर खोली राहणार होती. एकरकमी आलं तर ते टिनात आणि विटांत जाणार होतं आणि तिचं म्हातारपण भावाच्या अंगणात.

मी तेव्हा डी.एड. होऊन घरी बसले होते. जागा निघत नव्हत्या आणि माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तणतणत जिनात गेले आणि मुनीमजींना म्हटलं, ते दहा वर्षांचं कुठं लिहिलंय ते दाखवा. मुनीमजी सज्जन माणूस. त्यांनी मला चहा मागवला आणि समजुतीनं सांगितलं की ते कागद मालकाचे असतात, कामगारांनी पाहायचे नसतात. मी विचारलं, तुम्ही पाहिलेत का? ते म्हणाले, मी तरी कायले पाहू? मी कामगारच आहो.

माझं डोकंच फिरलं. कोणी पाहिलं नाही आणि सगळ्यांना माहीत आहे! चहा तसाच ठेवून आले. आता वाटतं, प्यायला हवा होता, बिचाऱ्यानं पदरचे पैसे घातले होते.

फंडाचं कार्यालय दुसऱ्या जिल्ह्यात. मारेगावहून यवतमाळ, तिथून दुसरी एसटी. आत्यानं ठेवणीतलं लुगडं नेसलं, भाकरी-ठेचा बांधून घेतला. माहितीच्या अधिकाराचा कायदा तेव्हा नवानवाच होता. मी वर्तमानपत्रात वाचून त्याचा अर्ज लिहून घेतला होता, वर कोर्ट-फीचं तिकीटही चिकटवलं होतं. सबंध रस्ताभर मी मनातल्या मनात भांडत होते. साहेब असं म्हणाले तर मी असं म्हणेन, हाकललं तर दारातच बसेन. आत्या खिडकीतून शेतातल्या पळाट्या, कापसाची वाळकी झाडं, पाहत होती. मधेच म्हणाली, ओठ काहून हलवून राह्यली वं, लोक पाहून राह्यले.

खिडकीपाशी चष्मा लावलेला एक माणूस होता. मी श्वास घेतला आणि सुरू केलं, माहितीच्या अधिकाराखाली आम्हाला योजनेचे नियम... त्यानं मान वर न करता हात लांब केला.

"पुस्तक तिकडं टेबलावर आहे, बाई. दोरीनं बांधलंय, कारण लोक घेऊन जातात. बसून वाचा. कुणालाही वाचता येतं."

झालं. संपलं भांडण. कंबर कसून आलेल्या माणसापुढं कुणी उभंच राहिलं नाही तर काय करावं? मी अर्ज पिशवीत कोंबला. टेबलावर खरंच एक जाडजूड पुस्तक होतं, टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधलेलं, वर बोटभर धूळ. चोरून नेणं दूरच, त्याला कुणी हात लावलेलाही दिसत नव्हता. आत्यानं पदरानं ते पुसलं आणि माझ्यापुढं सरकवलं.

मराठी होतं, पण सरकारी. एकेक वाक्य इकडून सुरू व्हायचं ते कुठं निघायचं पत्ता नाही. मी बोट ठेवून ठेवून वाचत गेले. आणि मग ते सापडलं. हंगामी कारखान्यातल्या कामगारानं वर्षातून जेवढं काम केलं असेल, ते वर्षाहून कमी असलं तरी, पूर्ण वर्ष धरावं. मी पुन्हा वाचलं. मग आत्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, तरी पाहत राहिली.

"म्हंजे नाव कापलं तरी वर्ष कापत नाही?"

नाही आत्या, मी म्हटलं. वर्ष कापत नाही.

आम्ही पुन्हा खिडकीशी गेलो. त्या माणसानं तिचं खातं काढायला लावलं आणि हंगाम मोजले. पेन्शन योजना लागल्यापासूनचेच धरायचे होते. नऊ सरळ भरले. मधलं एक उरलं, आणि ते कोणतं वर्ष ते मला चांगलं ठाऊक होतं. मी शाळेत होते, आणि त्या हिवाळ्यात मला कावीळ झाली होती. आई बाळंतीण होती, म्हणून आत्या रेचा सोडून यवतमाळच्या दवाखान्यात माझ्या उशाशी येऊन बसली आणि त्या हंगामात परत गेलीच नाही. आता त्याच वर्षावाचून तिची खोली जाणार, आणि जाणार ती माझ्यापायी.

आत्या खिडकीतल्या माणसाला म्हणाली, ते नका धरू साहेब, त्या साली म्या कामच नाही केलं. मला तिचं तोंड दाबावंसं वाटलं. एवढं खरं बोलायची काय गरज होती? त्यानं पान उलटलं, चष्मा कपाळावर सारला. दिवाळीनंतर थोडे दिवस होता ना कामावर? इथं तुमचा फंड भरलेला दिसतोय. मग वर्ष धरलं. दहा झाली.

मी तिथंच रडायला लागले. रांगेतले लोक पाहायला लागले. आत्यानं मला दंडाला धरून बाकावर बसवलं, भाकरी सोडली आणि पहिला घास माझ्या तोंडात कोंबला, म्हणजे आवाज बंद. मग स्वतःच हसायला लागली. "तुह्या काविळीतही माहं वर्ष चालूच व्हतं म्हन." इतक्या दिवसांत तिला असं खळखळून हसताना मी पाहिलं नव्हतं. माझ्याही छातीवरचं सगळं ओझं उतरलं. परतीच्या एसटीत आम्ही दोघी एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून ढाराढूर झोपलो, यवतमाळचं स्टँड आलं तेव्हा कंडक्टरनं उठवलं.

सोमवारच्या आत मी मुनीमजींना सगळं सांगितलं. तो नियम मी पुस्तकातून उतरवून आणला होता. त्यांनी तो दोनदा वाचला, मग माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतला आणि स्वतःच्या हातानं फाटकावर चिकटवला. बाया जमल्या. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवलं. मुनीमजी एका बाजूला उभे राहून बोटांवर आपले स्वतःचे हंगाम मोजत होते. त्या सोमवारी पुष्कळ जणींनी पेन्शनीचा भाग उचलायच्या कागदावर अंगठा दिला नाही. फंड तेवढा घेतला.

आत्याचं पेन्शनीचं वय भरायला थोडा काळ होता. तोवर तिनं फंडावर आणि निंदणावर भागवलं. मग पेन्शन सुरू झाली. फार नव्हती, खोलीचं भाडं आणि तेल-मीठ सुटेल इतकी. बाबांनी टिनाचा विषय पुन्हा काढला नाही, पण मनातून रुसले होते. बहिणीनं आपल्या अंगणाला नाही म्हटलं, हे त्यांना लागलं होतं.

पहिली पेन्शन आली त्या आठवड्यात, रविवारी सकाळी आत्या आली. एरवी ती आली की सरळ मोरीत जायची, पदर खोचायची आणि रात्रीची भांडी घासायला घ्यायची. आईनं नको म्हटलं तरी घ्यायची. तेवढं केल्याशिवाय तिला आमच्याकडचा घास गिळत नसे, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी ती उंबऱ्याबाहेरच थांबली. हातात पिशवी, पिशवीत केळी. आई म्हणाली, अहो बाई, आत या ना.

"आज मी पाहुनी हावो," आत्या म्हणाली. "माह्या भावाले सांग, पाय धुवाले पानी आन म्हना."

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. उठले, रांजणातून तांब्या भरला, दारात गेले आणि उकिडवे बसून स्वतः तिच्या पायावर पाणी घालू लागले. ती एका हातानं चौकट धरून उभी होती. एक पाय झाला, तिनं दुसरा पुढे केला.