शेवंतीबाई आणि ‘त्रुटी’ची व्याख्या

चारकोपच्या शेवंती परब एकसष्टाव्या वर्षी आवाजाच्या धंद्यात आल्या त्या पाण्यामुळे. सोसायटीची टाकी रिकामी झाली तेव्हा त्यांनी ग्रुपवर मालवणीत एक सणसणीत व्हॉइस मेसेज टाकला. तो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत अंधेरीतल्या एका कंपनीत पोचला. कोकणातल्या बसचं तिकीट फोनवर बोलून काढता येईल असं यंत्र ही कंपनी बनवत होती. त्यांना अस्सल मालवणी बोलणारी बाई हवी होती.

शेवंतीबाईंनी बावीस वर्षं औषधांच्या बाटल्यांवर लेबलं लावली होती. छापलेलं वाचल्याशिवाय पुढे सोडायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. त्यामुळे कंपनीची वकील दिशा हिने अकरा पानी करार पुढे ठेवून सहीची जागा दाखवली, तेव्हा बाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतलं.

‘आवाज’ म्हणजे श्रीमती परब यांच्या मुखातून करारकाळात निघणारा कोणताही ध्वनी, आणि तो कंपनीच्या मालकीचा राहील.

बाईंनी चष्मा काढला. “म्हणजे माझी शिंकय तुमची?”

दिशा म्हणाली, तसा अर्थ निघतो खरा.

“आणि घोवाक घातलेल्यो गाळी?”

त्या शिव्या ज्यांना पडत ते त्यांचे नवरे धोंडू परब शेजारीच बसले होते. कंपनीने त्या शिव्या आधी न्याव्यात, असं त्यांनी हळूच सुचवलं. दिशाने ओठ दाबून धरले आणि नजर कागदावर खिळवली.

सातव्या कलमापाशी मात्र तिचा संयम सुटला. तिथे लिहिलं होतं, ‘त्रुटी’ म्हणजे प्रमाण मराठीच्या उच्चारापासून किंवा व्याकरणापासून झालेली कोणतीही फारकत; त्रुटी आढळल्यास श्रीमती परब रेकॉर्डिंग पुन्हा करून देतील. बातम्या वाचणाऱ्या कुणाचा तरी जुना करार होता तो. फक्त नाव बदललेलं.

शेवंतीबाईंनी शांतपणे हिशेब मांडला. बोलावलंय मालवणीसाठी. तोंड उघडलं की त्रुटी. त्रुटी झाली की पुन्हा बोला. म्हणजे मरेपर्यंत आपण याच खोलीत. हे ऐकून दिशा टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली, मग धोंडू, मग स्वतः बाई. चहा घेऊन आलेली मुलगीही कशाला ते न कळताच हसत सुटली.

डोळे पुसून दिशाने लॅपटॉप ओढला. ‘आवाज’ म्हणजे आता स्टुडिओत, माइक चालू असताना, ठरलेल्या मजकुरासाठी काढलेला आवाज. शिंका आणि नवरा वगळले. ‘त्रुटी’वर गाडी अडली. मालवणीचं व्याकरण कुठल्या पुस्तकातून दाखवायचं? शेवटी दिशाने विचारलं, चुकीचं वाटलं तर तुम्ही काय म्हणता? बाई म्हणाल्या, “असा कोण बोलणा नाय.” तेच वाक्य जसंच्या तसं कलमात गेलं. श्रीमती परब असं म्हणतील ती त्रुटी, आणि मजकूर कंपनीने बदलून द्यायचा.

रेकॉर्डिंगच्या दिवशी हे कलम कंपनीला चांगलंच भोवलं. ‘आपला आसन क्रमांक’ आला. असा कोण बोलणा नाय. झालं ‘तुमची शीट’. ‘प्रस्थान’ गेलं, ‘गंतव्यस्थान’ गेलं, ‘प्रतीक्षा करा’ तर बाईंनी वाचलंच नाही. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट सुयोग सतराव्या वेळी खुर्चीवरून घसरला आणि जमिनीवरूनच हात वर करून म्हणाला, चालू ठेवा मावशी, झकास येतंय.

शिमग्याच्या आधी ती सेवा सुरू झाली. बाईंनी घरी सगळ्यांदेखत फोन स्पीकरवर लावून कणकवलीची दोन तिकिटं मागितली. पलीकडून त्यांचाच ठणठणीत आवाज आला, गाडी भरली, उद्याची बघू काय?

शेवंतीबाईंना ते पटलं नाही. “अगो बाये, नीट बघ, एक तरी शीट असतली,” असं म्हणत त्या स्वतःशीच भांडत राहिल्या, आणि धोंडू पोट धरून जमिनीवर बसले.