अनोळखी माणसाशी बोलायचं नाही

मोठ्या हॉस्पिटलसमोरच्या गल्लीत काकूंच्या तीन खोल्या होत्या. बाहेरगावाहून पेशंट घेऊन येणारी माणसं तिथे उतरत. किल्ली हातात ठेवण्याआधी काकू प्रत्येकाला जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं करून शहराचा धडा देत. पिशवी पाठीवर नाही, पुढे धरायची. गाडीत बसायच्या आधी भाडं ठरवायचं, उतरताना नाही. रस्ता ओलांडताना एकदा पाऊल टाकलं की मागे फिरायचं नाही. गाडीवाल्याला तुमचा अंदाज येतो, तुमच्या घाबरण्याचा येत नाही. पाणी खोलीतलंच न्यायचं. आणि शेवटी आवाज खाली आणून सांगत, "अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. रस्ता विचारायचा नाही. कोणी आपणहून सांगायला आला, तर मुळीच ऐकायचं नाही."

हे त्या उगाच सांगत नव्हत्या. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच नवऱ्याला घेऊन त्या या शहरात आल्या होत्या. स्टेशनबाहेर एक माणूस भेटला. बोलायला इतका गोड की साखर फिकी पडावी. मोठं हॉस्पिटल आज बंद आहे म्हणाला, आणि त्यांना आपल्या ओळखीच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेला. त्या डॉक्टरने इंजेक्शनांवर इंजेक्शनं दिली आणि आजार वाढवत ठेवला. नवरा मोठ्या हॉस्पिटलात पोचला तेव्हा उशीर झाला होता. काकू गावी परत गेल्याच नाहीत. याच घरात स्वयंपाकाला राहिल्या, आणि मालकीणबाई थकल्यावर खोल्याही त्याच बघू लागल्या. समोरच्या हॉस्पिटलात मात्र त्यानंतर त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

अशा काकूंकडे एक सून आपल्या सासऱ्यांना घेऊन आली. नवरा दूर कामावर, रजा मिळाली की येणार होता. सून विशीतली, मान डोलावणारी, सांगितलं ते गाठीला बांधून ठेवणारी. सासरे, म्हणजे आबा, अगदी उलट. छाती भात्यासारखी वाजत होती, तरी जिन्यावर धडा ऐकताना हसले.

"हेडमास्तरीणबाई, आमच्याकडे माणूस अनोळखी असला तर आधी त्याला बसायला देतात. मग ओळख होतेच."

"हे तुमचं गाव नाही, आबा."

"माणसं तर तीच असतील ना?"

काकूंनी किल्ली सुनेच्या हातात ठेवली. पण आबांना वॉर्डात दाखल केल्यावर सून डबा न्यायला येई, तेव्हा त्या आपणहून विचारत, "काय म्हणतात आमचे विद्यार्थी?"

एके दिवशी डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध हॉस्पिटलच्या दुकानात नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला मिळेल, असं कळलं. सून बसने गेली, औषध घेतलं आणि परतताना उलट्या दिशेच्या बसमध्ये बसली. फोन वॉर्डातच, चार्जिंगला लावलेला.

दुपारी काकूंच्या घरचा फोन वाजला. नर्स होती. पेशंटची तब्येत एकदम बिघडली होती, सुनेचा पत्ता नव्हता, आणि या शहरात त्यांच्या ओळखीचा म्हणून एवढाच नंबर दिलेला होता.

काकूंनी गॅस बंद केला. चपला घालून त्या निघाल्या. गेटपाशी पाय अडलाच, पण त्या आत गेल्या. तोच फिनेलचा वास, भिंतींचा रंग तेवढा नवा.

आबांच्या तोंडावर मास्क होता. काकूंना पाहून त्यांनी तो बाजूला केला.

"पोरगी कुठाय?"

"येतेय. औषध आणायला गेलीय ना."

"फार वेळ झाला." ते श्वास घ्यायला थांबले. "चुकली असेल. येईल विचारत विचारत. तोंडात जीभ आहे तिच्या."

रस्ता विचारायचा नाही, हे काकूंनीच तिला शिकवलं होतं. त्यांनी मास्क पुन्हा नीट बसवला, स्टूल ओढून घेतलं आणि आबांचा हात हातात घेतला. आबांचे डोळे दाराकडे लागलेले. कोणी आत आलं की त्यांची बोटं हलत, आणि दुसरंच कोणी आहे असं दिसलं की सैल पडत. दिवस कलायच्या आत ती कायमची सैल पडली.

सून आली तेव्हा दिवे लागले होते. पायांना फोड आले होते, औषधाची पिशवी छातीशी धरलेली. दारातूनच तिला पलंगावरची चादर दिसली. ती रडली नाही. खाली बसली आणि एकसारखं सांगत राहिली, जणू काकूंनी हिशोबच मागितला होता.

"बसमधून उतरले तर सगळंच नवं. एका फळवालीने विचारलं, कुठे जायचंय पोरी? कंडक्टरबाईने विचारलं. एक मुलगा-मुलगी तर मागे मागे आली. पण मी बोललेच नाही कोणाशी. उंच इमारत दिसली की तिकडे चालत गेले. तुम्ही सांगितलं होतं ना, काकू."

तिच्या आवाजात ठपका नव्हता. तो असता तर काकूंना सोसायला सोपं गेलं असतं.

डॉक्टर म्हणाले, औषध वेळेवर आलं असतं तरी उपयोग झाला नसता. ते खरंही असेल. पण डोळे दाराकडे लागलेले काकूंनी पाहिले होते, डॉक्टरांनी नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. आबांना गावी न्यायची गाडी ठरली. सून सामान बांधत होती, तेव्हा काकू खोलीत गेल्या.

"मी तुला चुकीचं शिकवलं."

सुनेने दोरीची गाठ मारली. मग म्हणाली, "तुम्ही बसलात ना त्यांच्यापाशी. मला वाटत होतं, ते एकटेच होते."

तेव्हा कुठे ती रडली, आणि काकूही.

पुढचं गिऱ्हाईक आलं तेव्हा काकू जिन्यावर नेहमीसारख्या उभ्या राहिल्या. पिशवीपासून पाण्यापर्यंत सगळं बिनचूक झालं. शेवटचं वाक्य मात्र त्यांनी गाळलं. "जरा थांबा," असं म्हणून त्यांनी चपला घातल्या आणि त्या माणसांना घेऊन त्या रस्त्यावर उतरल्या.

कोपऱ्यावरच्या फळवालीपाशी थांबल्या. "ही माझ्याकडे उतरलेली माणसं. चुकली तर वाट दाखवशील का?"

"दाखवेन की," फळवाली म्हणाली. "पण काकू, इतकी वर्षं इथून जाता, आज पहिल्यांदा बोललात."

औषधवाला, चौकातला पोलीस, बस स्टॉपवरचा तिकीटवाला, सगळ्यांशी असंच बोलणं झालं. ज्यांच्यावर आता भरवसा टाकायला सांगायचं, त्यांची काकूंना स्वतःलाच नव्याने ओळख करून घ्यावी लागली. तिकीटवाल्याला कमी ऐकू येतं, हेसुद्धा त्यांना त्या दिवशीच कळलं.

गोड बोलून पेशंट भलतीकडे नेणारे अजून आहेत. काकू ते लपवत नाहीत. आपल्या नवऱ्याची गोष्टही आता त्या सांगतात, जी आधी कोणाला सांगत नसत. दुपारची कामं आटोपली की कधीकधी त्या हॉस्पिटलच्या गेटपाशी जाऊन उभ्या राहतात. गोंधळलेलं कोणी दिसलं की विचारतात, "कुठे जायचंय?" काहीजण थांबतात. काहीजण नजर चुकवून, न बोलता पुढे निघून जातात. त्यांना काकू हाक मारत नाहीत. वळणापर्यंत पाहत राहतात, बरोबर वळले की नाही ते.