दहाची वेळ

ताज्या ऑइलपेंटचा वास आला की मला निफाडजवळच्या एका गावातली ती संध्याकाळची बैठक आठवते. ऐंशी सालाच्या सुमारास मी तिथे नर्स होते. गरोदर बायकांच्या तपासणीचं शिबिर ठरवायचं होतं आणि तासभर चर्चा चालली होती ती प्रमुख पाहुण्यांच्या, म्हणजे पंचायत समितीच्या सभापतींच्या, हारांची. कोपऱ्यात रंगारी कापडी फलकावर 'सकाळी दहा वाजता' असं रंगवतही होता. चहा घेऊन आलेली बाई मला म्हणाली, "नर्सबाई, दहाला कोन येईल? आमी तवा द्राक्षाच्या बागंत असतो." मी म्हटलं, "डॉक्टर, संध्याकाळी ठेवू या का?" ते वैतागले, "सिस्टर, सभापतींना दहाचीच वेळ आहे!" शिबिराच्या दिवशी सभापती बाराला आले. समोर सगळे पुरुष, त्यांच्यापुढे गरोदरपणावर भाषण, आणि बाई एकही नाही. मी चिडून ब्लडप्रेशरचं यंत्र उचललं आणि भाषण चालू असतानाच बागेत गेले. वेलींखाली भाकरी खात बसलेल्या बायकांपैकी एकीचे पाय सुजलेले होते आणि प्रेशर भलतंच वाढलेलं होतं. सभापतींच्याच जीपमध्ये बसवून मी तिला नाशिकला मोठ्या दवाखान्यात नेलं. ती वाचली, मूलही वाचलं. पुढच्या आठवड्यात मला मेमो मिळाला, कार्यक्रम अर्धवट सोडून गेल्याबद्दल. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे, आणि वाचला की आजही तेवढाच संताप होतो.