नागिणीचं तोंड

ओल्या गेरूचा वास आला की मला सासूबाईंची कंबर आठवते. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना नागीण उठली. गेरूचा लेप लावूनही आग थांबेना. कंबरेला वेढा घालून तिचं तोंड शेपटीला भिडलं की माणूस दगावतं, असं सगळे सांगत. त्या घडीघडी विचारायच्या, "किती राह्यलं वं?" मी म्हणायची, "लय राह्यलं, आत्याबाई." फोड मात्र रोज पुढं सरकत होते. शेवटी मी त्यांना एसटीनं देऊळगाव राजाला नेलं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, "बाई, ही एकाच अंगाला उठते. वेढा घालत नाही." बाहेर येताच सासूबाई म्हणाल्या, "मले चहा पाज." आग पुढं कितीतरी महिने राहिली, पण त्या झोपू लागल्या. डॉक्टरांचा चेहरा आता आठवत नाही; बशीतला चहा फुंकताना सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता, तेवढं आठवतं.