हिरवी टिकली

हे म्या आजवर कोणाला सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, देवाला बी न्हाई — त्याला काय सांगायचं, त्याला दिसतच होतं. तुम्हाला सांगून राह्यले. कीव करायची असंल तर इथूनच उठा.

डॉक्टर मॅडमच्या पुस्तकात माहा फोटो हाये. हातात कार्ड, कार्डावर टिकल्या. जालन्याला मोठ्या हॉलात माह्यी ओटी भरली, बाहेरदेशचे डॉक्टर टाळ्या पिटून राह्यले होते. मॅडम माइकात म्हनल्या, "शिकलेली माणसं चुकतात, गावची आजी खोटं लिहीत न्हाई." मला लिहिताच येत न्हाई. पण टिकली तर लावता येते ना?

काम असं होतं. लेकरांना जुलाब कोणत्या पाण्यानं होतात, ते मॅडम शोधून राह्यल्या होत्या. टेंभुर्णीकडची कितीतरी गावं, पुण्याचे-दिल्लीचे डॉक्टर संग. दर गावात एक बाई धरलेली. रोज दुपारी घरोघर जायचं, लेकरू बरं हाये का इचारायचं. बरं असलं तर त्या घराच्या कार्डावर हिरवी टिकली, जुलाब असले तर लाल. लाल लागली की दुसऱ्याच दिवशी मॅडमच्या हाताखालच्या पोरी औषधाच्या पुड्या घेऊन हजर. अन् ज्या हापशावर लाल जास्त, त्याचं पाणी तपासायला न्यायचं.

खालच्या आळीतल्या हापशावर लहान लेकरू एकाच घरी. माह्या धाकट्या जावेच्या — सखूच्या. तिची नात, परी.

परीच्या पाळण्याला, बारशाला, म्या टोपडं शिवून घेऊन गेल्ते. भरल्या घरात सखू म्हनली, "लांब व्हय वांझोटे, पाळण्याला हात नको लावू." बाया हसल्या. तवापासून तिचा उंबरा म्या चढले न्हाई. हे कारण म्हणून सांगत न्हाई. झालं ते सांगते.

मंग तिच्या घरचं कार्ड? ते म्या रस्त्यावरूनच भरायची. रोज हिरवी. मॅडमच्या एका पोरीनं इचारलं बी, "आजी, या घरी एक बी लाल न्हाई?" म्या म्हनलं, "दगडासारखी हाये पोरगी, तिला काय होतंय!" पोरगी हसली, लिहून घेतलं.

इथवर आळस म्हणा. पण आळस नव्हता तो — म्हणून तर बसले ना तुमच्यासमोर.

सखूच्या कुंपणावर दुपटी वाळायची. एके दिवशी दोन. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी कुंपणच दिसेना. म्हाताऱ्या बाईला याचा अर्थ कळत न्हाई का? बिलकुल कळत होता. त्याच दिवशी म्या रस्त्यावर कार्ड घेऊन उभी, तवा सखूची सून, परीची आई सुनीता, तिच्या दारात आली. हात वलेच. "मोठ्याई, परीला लई पातळ होऊन राह्यलं. लाल लावा ना. पुड्या पाठवायला सांगा."

म्या म्हनलं, "तुह्या सासूला म्हणावं, तिनं येऊन सांगावं."

सासू कशाला येते? ती माह्यीच जाऊ, माह्यासारखीच. पुढल्या दिवशी परीला रिक्षात घालून जालन्याला नेत होते. पोचायच्या आधीच, सुनीताच्या मांडीवर, गेली.

मंग सखूच्या अंगणात बोंब उठली, लेकराला कशानं झालं? सुनीता रडत म्हनली, "म्या मोठ्याईला सांगितलं होतं, लाल लावा म्हणून." सगळे माह्याकडं पाहू लागले. अन् म्या काय म्हनलं? "मला कोणी काही सांगितलं न्हाई. कार्ड पाहा." कार्ड पाह्यलं. हिरवंच हिरवं. त्या हापशाचं पाणी कोणी तपासलंच न्हाई — कार्डावरून ते चांगलं निघाल्तं. पाणी चांगलं, मंग दोष कोणाचा? आईच्या हाताचा. घाण हातानं भरवलं, अशी बोली झाली. पुढं मॅडमची माणसं दुसऱ्या गावांत हेच सांगत फिरली म्हणतात — पाणी चांगलं असलं तरी आईचा हात धुतलेला पाहिजे. सुनीताचं नाव न्हाई घेतलं, एवढंच.

सखूनं तिला माहेरी आष्टीला घालवलं. परत आणली न्हाई.

अन् सखू माह्याशी बोलायला लागली! मेथीची जुडी घेऊन आली, म्हनली, "बाई, तुह्या कार्डानं सुनेचे गुण तरी कळले." म्या ती मेथी निवडली. भाजी केली. खाल्ली.

मॅडमचा दिवाळीला फोन येतो. "आजी, तुमच्यामुळं एवढं काम झालं." म्या "हो बाई" म्हणते.

सुनीता दारात उभी होती, तवा लाल टिकली म्या पाकिटातून काढली होती. बोटाला चिकटली होती. तिनं पाह्यली — तिला वाटलं, लावते आता. म्या ती लुगड्याला पुसली अन् हिरवी लावली.